पडद्यामागचा पेपर

कोसंबटोल्यात धनराज उंदिरवाडेला नावानं हाक मारणारी दोनच माणसं होती: त्याची आई आणि पोस्टमन. बाकी सारं गाव त्याला ‘बीए’ म्हणायचं. आता बीए झालेल्या माणसाला बीए म्हणणं हा मान झाला. धनराजचं तसं नव्हतं. त्याचा शेवटच्या वर्षाचा एक पेपर राहिला होता, आणि तो राहून इतका काळ लोटला होता की त्याची पोरगी दिव्यानी चंद्रपूरला नर्सिंग शिकायला लागली होती. गाव कोणाचं काही विसरत नाही. कोणी दिलेलं विसरेल, पण कोणाचं राहिलेलं विसरायचं नाही.

पेपर राहिला तो नाटकापायी. परीक्षेच्या आदल्या दिवशी वडशाच्या एका नाटक कंपनीचा प्रॉम्प्टर तापानं फणफणला. कंपनीचे मालक गुणवंतराव स्वतः मोटारसायकलवर आले आणि म्हणाले, “पोरा, तुझं वाचणं साफ आहे. आजच्या दिवस सांभाळ.” धनराजनं आजच्या दिवस सांभाळलं. मग उद्याचंही सांभाळलं. मग झाडीपट्टीतले सगळे हंगामच सांभाळले.

झाडीपट्टीचं नाटक म्हणजे दिवाळी ते होळी रोज नवं गाव आणि पुष्कळदा रोज नवं नाटक. तालमीला वेळ कोणाला? नट रंगून, दागिने घालून उभे राहतात आणि विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य सोडतो, नटाच्या अर्धा श्वास आधी. नट ते झेलतो आणि गरजतो. समोरच्या हजारो माणसांना वाटतं, काय पाठांतर आहे! टाळी नटाला, थंडी प्रॉम्प्टरला. पोस्टरवर तंबूवाल्याचं नाव असतं, केसांचे टोप पुरवणाऱ्याचं असतं. धनराजचं नाव एकदा आलं होतं, तेही त्यानं वर्गणी दिली म्हणून.

या वर्षी जून महिन्यात दिव्यानी सुटीवर आली तेव्हा तिनं बापाच्या पुढ्यात मोबाईल धरला.

“बाबा, तुमच्या विद्यापीठानं नवा नियम काढला. राह्यलेल्या पेपराच्या बदल्यात त्याच विषयाचा ऑनलाईन कोर्स पास झाला तरी चालते. तुमचा राज्यशास्त्राचाच होता ना? इथं भारतीय संविधानाचा कोर्स आहे. फुकट आहे.”

“फुकटचं शिकवते कोण?”

“मोठे मोठे प्रोफेसर. एका कोर्सले चाळीस हजार लोकं आहेत.”

अंगणात बसलेला सुकलू म्हातारा हे ऐकून हसायला लागला. “चाळीस हजार? हजेरी घेता घेताच मास्तर रिटायर होईन बे!”

ऑनलाईन कोर्स गावाला नवा नव्हता. लॉकडाऊनपासून त्याची साथच आली होती. कोणी मधमाश्या पाळायचा कोर्स लावला, कोणी इंग्रजी बोलायचा, एकीनं केकचा. नाव नोंदवायला एक बोट पुरतं, म्हणून नोंदवणारे रग्गड. दुसऱ्या आठवड्याचा व्हिडिओ पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागे. ज्याच्या कंप्युटर सेंटरमध्ये ही सगळी नोंदणी होई त्या खुशालनं स्वतः अभिनयाचा कोर्स लावला होता. त्यातल्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “श्वासावर लक्ष द्या.” खुशाल म्हणाला, “श्वास तर मी जन्मापासून घेऊन राह्यलो,” आणि कोर्स संपला.

धनराजनं मात्र लावला तो लावलाच. गावात मोबाईलला नेट नव्हतं, ते बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर मिळे. धानाची रोवणी चालू असताना दुपारची भाकर खाऊन तो पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसायचा आणि कानात वायर घालून मूलभूत हक्क ऐकायचा. त्याच्या घराण्यात संविधानाचं पुस्तक होतं, फोटोच्या शेजारी, स्वच्छ कापडात. त्याला नमस्कार होता, पण ते कलमवार कोणी उघडलं नव्हतं. आता तो उघडत होता. आठवड्याच्या चाचणीत चुकला तर पुन्हा व्हिडिओ पाहायचा. चाळीस हजारांतले किती मागे गळले देव जाणे, पण कापणीच्या तोंडाशी अंतिम परीक्षेचा मेल आला तेव्हा धनराज अजून वर्गात होता.

बायको रंजीता म्हणाली, “आवो, आता पास होऊनच या. नाई तर ‘बीए’चं ‘डबल बीए’ करतीन लोकं.”

परीक्षा घरबसल्या होती, कॅमेऱ्यासमोर. कंप्युटरच पहारा देणार. तीन इशारे झाले की पेपर आपोआप बंद. घरी ना कंप्युटर ना नेट; गावात केबलचं नेट तेवढं खुशालच्या सेंटरमध्ये, म्हणून परीक्षा तिथंच ठरली.

आता खुशालविषयी थोडं सांगायला हवं. दिवसा तो सातबारे काढून द्यायचा आणि हंगामात गुणवंतरावांच्याच कंपनीत खलनायक व्हायचा. आवाज असा की पाळण्यातलं पोर आणि पोलीस पाटील दोघंही दचकावेत. धनराज त्याचा प्रॉम्प्टर. पण खुशाल गावोगाव सांगत फिरे की आपलं काम पाठांतराचं, आपल्याला प्रॉम्प्टर लागत नाही. धनराजनं हे कधी खोडलं नाही. मित्राचा एवढा एक डाग तो मुकाट्यानं झाकून ठेवत आला होता. आणि खुशालच्या सेंटरमध्ये पुढची बाजू गिऱ्हाइकांची, मागची कंप्युटरची. मधे आडोसा म्हणून त्यानं कंपनीचा जुना पडदा टांगला होता. राजवाड्याचा. खांब, झुंबर, सिंहासन, सगळं होतं. उंदरांनी फक्त पायऱ्या खाल्ल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळी धनराज पडद्यामागे बसला. खुशाल पडद्यापुढे, काउंटरवर. आत जाताना खुशाल म्हणाला, “घाबरू नोको बे. इथी चिमणी फिरकू देत नाई मी.”

पहिले दोन प्रश्न झाले आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली: ओठांची हालचाल आढळली. पहिला इशारा.

धनराजला कळेचना. मग लक्षात आलं. उभ्या हयातीत त्यानं मनातल्या मनात कधी वाचलंच नव्हतं. अक्षर दिसलं की ओठ हलायचे; अक्षर ओठांवर आल्याशिवाय डोक्यात उतरायचंच नाही. त्यानं ओठ घट्ट मिटले. प्रश्न समोर होता, पण भिंतीवरच्या पालीसारखा नुसता दिसत होता, अर्थ लागत नव्हता. त्यानं खिशातला रुमाल काढून दातात धरला. लाल पट्टी: चेहरा पूर्ण दिसत नाही. दुसरा इशारा.

रुमाल खाली गेला. धनराजनं मान जराशी झुकवली आणि अगदी बारीक, ओठांच्या फटीतून वाचू लागला. कंप्युटरला ते चाललं. एकामागून एक प्रश्न सुटू लागले. हात रुळला, भीती गेली, आणि भीती गेली तसा आवाज नकळत आपल्या जुन्या जागी जाऊन बसला. विंगेतला, मुरलेला, बरोब्बर पडद्याच्या पलीकडे पोचेल एवढा.

“राष्ट्रपतीला पदावरून दूर करण्याची प्रक्रिया कोणती?” धनराज कुजबुजला.

पडद्यापुढे खुशाल सुकलूचा सातबारा काढत होता. त्याचं सगळं ध्यान सातबाऱ्यात होतं. आपल्या तोंडाकडे ध्यान असतं तर पुढचं घडलंच नसतं. कानावर ओळखीची कुजबुज आली, पाठीला राजवाडा होता, त्याच्यामागे धनराज होता. खुशालची छाती आपोआप फुगली.

“राष्ट्रपतीला!” तो गरजला. “पदावरून दूर करण्याची! प्रक्रिया कोणती?”

सुकलूच्या हातून काठी पडली.

आत धनराज पर्यायांत गढलेला होता. कानावर गर्जना पडली तरी त्यात त्याला नवल वाटलं नाही. बोललेल्या ओळीनंतर गर्जना व्हायचीच, हा त्याच्या आयुष्याचा नेम होता. त्यानं बरोबर पर्याय हेरला आणि सोडला, “महाभियोग.”

“महाभियोग!” पलीकडून आलं, आणि मागोमाग ते प्रसिद्ध हसू. “हा हा हा हा!”

तिसरा इशारा. पेपर बंद.

मग पडद्याची कड वर करून खुशालनं डोकं आत घातलं. चेहऱ्यावरून खलनायक पार उतरला होता.

“बीए… मी बोललो काय बे?”

“हाव.”

“मोठ्यानं?”

“हसला बी.”

चार दिवसांनी मेल आला. परीक्षेच्या खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज, त्या व्यक्तीनं बरोबर उत्तर सांगितलं, गैरप्रकाराचा संशय. म्हणणं मांडायचं असल्यास समितीपुढे व्हिडिओवर हजर राहावं; नाहीतर कोर्स रद्द आणि पुढे तो विषय देता येणार नाही. म्हणजे हा पेपर गेला की बीए कायमचं गेलं. दिव्यानीनं फोनवर सगळं दोनदा समजावून सांगितलं आणि विचारलं, “खुशालकाका सांगतीन ना, काय झालं ते?”

धनराज म्हणाला, “पाहू.” म्हणजे तो विचारणार नव्हता. रंजीताला हे ‘पाहू’ लग्नापासून पाठ होतं. बाप गेला तेव्हा भावानं बांध सरकवला, तेव्हाही हा माणूस ‘पाहू’ म्हणाला होता. बांध अजून तिथंच होता.

ती स्वतः खुशालच्या काउंटरवर गेली.

“खुशालभाऊ, तुमाले सांगा लागते समितीले.”

“काय सांगू वहिनी? की मी प्रॉम्प्टिंगवर बोलतो? परवा कंपनी निघून राह्यली. सेंटरमंधी ही गर्दी. मी गावोगाव सांगतलं का माझं पाठांतर हाये. एका दिवसात पसरंन साऱ्या झाडीत.”

“बरं मंग. राहू द्या तुमचं पाठांतर.” रंजीता वळली, मग थांबली. “एक सांगा. मागच्या साली सिंदेवाहीच्या नाटकात आमच्या ह्यायले ताप होता, आवाज बसला होता. तुमी त्या दिवशी स्टेजवर किती बोलले?”

त्या दिवशी खलनायक पहिल्या अंकात मुका झाला होता आणि दुसऱ्या अंकात लेखकाची परवानगी न घेता मेला होता.

सुनावणीच्या दिवशी सेंटर भरलेलं होतं. सातबारा काढायचा नसलेलेही काढायला आले होते. पडदा बाजूला सारलेला. कंप्युटरवर तीन चौकोन: मधे टाय लावलेले अध्यक्ष सर, एका बाजूला कोणी साहेब, ते सारखे स्वतःचाच चौकोन पाहत होते, आणि तिसऱ्यात नंदिनी मॅडम, याच कोर्सच्या साहाय्यक. रेकॉर्डिंग लावलं गेलं. “हा हा हा हा” सगळ्या सेंटरमध्ये घुमलं आणि मागे कोणीतरी फिसकन हसलं.

“उंदिरवाडे, हा आवाज कोणाचा?” अध्यक्षांनी विचारलं.

धनराज बोलायला लागला. ओठ हलले, पण तिकडं काही पोचलं नाही. “आवाज येत नाहीये,” अध्यक्ष म्हणाले. तो पुन्हा बोलला. त्याला स्वतःला आपला आवाज नेहमीएवढाच वाटत होता.

तेवढ्यात खुशाल उठला. शर्ट खाली ओढून कॅमेऱ्यासमोर आला.

“आवाज माझा हाये सर. मी नाटकात काम करतो. हा आमचा प्रॉम्प्टर. हा बोलते अन् मंग मी बोलतो. माझं काही पाठ नसते.” मागं कुजबुज उठली. खुशालनं वळून पाहिलं नाही. “एक बी ओळ पाठ नसते. मले वाटते तेव्हा मी कामच करून राह्यलो होतो.”

“पण तुम्ही उत्तर बरोबर दिलंत,” अध्यक्ष म्हणाले.

“मी कुठी दिलं? त्यानं दिलं. मी नुसता मोठ्यानं बोललो.”

“महाभियोग म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला?”

खुशालनं क्षणभर विचार केला. “सर, डायलॉगचा अर्थ मी कधी पाह्यत नाई. अर्थात शिरलं का आवाज कमी होते.”

नंदिनी मॅडमनी हेडफोन नीट केला. “सर, मी पुन्हा ऐकलं. आधी बारीक आवाज आहे, मग मोठा. प्रत्येक वेळी.”

दुसरे साहेब पहिल्यांदाच बोलले. “हे सगळं ठरवूनही करता येतं. याला विषय येतो कशावरून?”

हा प्रश्न काही वाईट नव्हता. माणसं पारखायची तर असाच विचारावा लागतो. अध्यक्षांनी मान हलवली. “उंदिरवाडे, या कोर्समधलं तुम्हाला महत्त्वाचं वाटलेलं एक कलम सांगा. तुमच्या शब्दांत. आणि कृपा करून मोठ्यानं.”

धनराजनं टेबलाकडे पाहिलं. तिथं कागद नव्हता. आजवर तो जे बोलला ते कोणीतरी लिहिलेलं होतं, आणि ऐकू गेलं ते दुसऱ्याच्या तोंडून. खुशाल शेजारी ताटकळत उभा होता. त्यालाही आज झेलायला काही नव्हतं. सेंटरमध्ये प्रिंटरचा पंखा तेवढा वाजत होता.

“कलम बत्तीस,” तो म्हणाला.

“मोठ्यानं.”

“कलम बत्तीस!” आता आवाज आला. जरा फाटका, वापरात नसलेला. “हक्क सारे लिहून देले आहेत सर. समानतेचा हाये, बोलायचा हाये. पण उद्या कोणी तो हिसकला, तं माणसानं जावं कुठी? तं बत्तीस सांगते, सरळ सुप्रीम कोर्टात जा. मधात कोणाच्या पाया पडू नोको. अन् हे जाणं बी हक्कच हाये, उपकार नाई. बाकीचे हक्क घरातल्या सामानासारखे असतीन, तं हे दाराचं कुलूप हाये.” तो थांबला. कोणी थांबवलं नाही म्हणून पुढे गेला. “मी आजवर कोठी गेलो नाई सर. जे झालं ते झालं म्हणत गेलो. हा कोर्स केला नसता तं आज तुमच्यापुढे बी आलो नसतो. म्या नक्कल नाई केली. माझे ओठ हलतेत, ते खरं. ते बंद केले का मले वाचता येत नाई. एवढंच माझं म्हणणं.”

तिकडच्या तिघांनी आपले माईक बंद केले. ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. कोसंबटोल्याची सगळी माणसं मान पुढं काढून त्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत राहिली. रंजीता दारात उभी होती, हातात विळा. ती बांधीतून, धानाची कापणी अर्धी टाकून, तशीच आली होती.

माईक सुरू झाला. अध्यक्ष म्हणाले, “संशय आम्ही काढून टाकतो. पण परीक्षा पुन्हा देता येत नाही, तो नियम आहे. पेपर बंद होईपर्यंत जेवढा सोडवला तेवढाच तपासू. चालेल?”

“चालंन सर.”

नंदिनी मॅडम काही वेळ आकडे पाहत होत्या. मग हसल्या. “निम्म्यापेक्षा थोडा जास्त सोडवलाय. त्यातले बहुतेक बरोबर आहेत. पास आहात. काठावर, पण पास.”

“बरं,” तो म्हणाला. मग ते कमी वाटून, “आभारी हाये.”

सेंटरमध्ये एकच गलका झाला. सुकलूनं खुशालच्या पाठीत काठीचं टोक खुपसलं. “का बे, एक बी ओळ पाठ नाई?”

“नाई ना बुवा.”

“मंग तुले आम्ही इतकी वर्षं टाळ्या कायले देल्या?”

“आवाजाच्या,” खुशाल म्हणाला आणि स्वतःच आधी हसला. त्या हसण्यात खलनायकी नव्हती, म्हणून ते जरा पडलंच.

धनराज आणि रंजीता बांधीकडे निघाले. आभाळ भरून आलं होतं आणि कापलेल्या धानाच्या कडपा उघड्यावर पडल्या होत्या. उद्या नवरा कंपनीबरोबर गेला की त्या तिलाच गोळा कराव्या लागणार होत्या. शेताच्या धुऱ्यावर चढताना ती म्हणाली,

“तुमचा एवढा मोठा आवाज मी आजच ऐकला. घरात नोका वापरू.”

“बरं.”

“अन् ते बत्तीस. मले हक्क हाये म्हणता, सुप्रीम कोर्टात जायाचा?”

“हाव. तुले बी.”

“वकील कोन देईन?”

“फुकट वकिलाचं बी कलम हाये. एकोणचाळीस-अ.”

रंजीतानं पहिली कडप उचलली, बगलेत धरली आणि विचारात पडली.

“अन् इथून दिल्लीच्या तिकिटाचं?”

धनराजनं साऱ्या कोर्सचे व्हिडिओ डोक्यातून फिरवून पाहिले.

“तिकिटाचं नाई.”

“मंग तो मास्तर रिकामा असंन तं विचारा त्याले,” ती म्हणाली. “चाळीस हजारांतून एकाले तरी सुचलं असंन.”